वाराला सोडलेल्या गोचिड्या

बांगडा साफ करताना सुगंधा परबचं मन कधी चरकलं नाही. जिवंत खेकड्याचे डेंगे मोडता मोडता ती शेजारणीशी सिरियलमधल्या सासूची उणीदुणी काढायची. पण सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे तिचे वार. वाराला मासळी बंद, मटण बंद, घरातलं अंडंसुद्धा फ्रीजच्या खालच्या खणात तोंड लपवून बसायचं. आणि वाराला जीव मारायचा नाही म्हणजे नाही. दंडावर डास बसला तर ती फुंकर मारून घालवायची आणि वर त्याला सांगायची, "आज नको रे बाबा, उद्या ये." हसू नका. मुलुंडच्या त्या इमारतीत कोकणातली निम्मी घरं वार पाळणारी होती. डासाला उद्याचं बोलावणं देणारी मात्र ही एकटीच.

हाच नियम तिने गोचिड्यांना लावला आणि तिथे सगळी वाट लागली.

गोचिड्या यायच्या खोबरूच्या अंगावर. खोबरू म्हणजे तिच्या मुलाचा, हर्षदचा, पांढराशुभ्र झुबकेदार कुत्रा. हर्षदला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा "आई, थोडे दिवस सांभाळ" म्हणून तो ठेवून गेला, आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. सुरुवातीला सुगंधा चिडचिड करायची. मेल्या, माझी जपमाळेची वेळ आणि तुझी मुताची वेळ एकच कशी, म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, औषधांच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरीही संपली होती, घर दिवसभर गप्प. मग खोबरूने ते घर ताब्यात घेतलं, आणि तिलाही. सकाळी ती त्याला डोंगराच्या बाजूच्या गवतात फिरवून आणायची, आणि गवतातून गोचिड्या फुकटात घरी यायच्या.

हर्षद त्यावरच्या गोळ्या पाठवायचा. त्या कपाटात पडून. "गरम पडतात," सुगंधाचं म्हणणं. तिला गोळीची गरजच नव्हती ना! देवगडच्या बाजूला तिच्या माहेरी गाई होत्या, आई त्यांच्या कानामागून गोचिड्या ओढायची ते बघत ती वाढलेली. दुपारी जेवण झालं की ती मागच्या बाल्कनीत बसायची, खोबरूचं डोकं मांडीवर घ्यायची आणि लेकीच्या उवा काढाव्यात तशी केसांत बोटं घालून एकेक गोचीड हुडकायची. इतर वारी ती गोचीड फिनेलच्या वाटीत. पण तिच्या वाराला? वाराला ती त्या टपोऱ्या, रक्त पिऊन फुगलेल्या गोचिड्या जुन्या कॅलेंडरच्या कागदात घ्यायची, छान पुडी बांधायची आणि कठड्यावरून खाली तगरीच्या झुडपात सोडायची. "जा बायांनो, भरा कुठेतरी पोट." जीव मारला नाही, घर स्वच्छ राहिलं, देवही खूश. कुठेतरी म्हणजे कुठे, हे तिने कधी वाकून पाहिलं नाही.

तिचं घर पहिल्या मजल्यावर. बरोबर खाली, तळमजल्यावर, सोनूबाई खरात.

सोनूबाई ही काही नुसती शेजारीण नव्हती. इमारत व्हायच्या आधी तिथे बैठी चाळ होती आणि त्या चाळीत दोघींची मधली भिंत एक. सोनूबाई टेलिफोन खात्यात होती, नवऱ्याचं गाव बीडकडचं, बोलायला सडेतोड, कुणाच्या भानगडीत नाही. सुगंधाचा नवरा आजारी पडला आणि ती हॉस्पिटलच्या खेपा घालत होती तेव्हा हर्षद जेवायला, झोपायला सोनूबाईकडे. पोराच्या शाळेच्या पॅन्टी तिने शिवल्या. सुगंधा कधी तिच्याकडे जेवायला बसली आणि वार असला, तर सोनूबाई न सांगता वेगळं पातेलं चढवायची. "तुझा सोमवार आहे गं, मला माहीत आहे, बस," एवढंच. कुणाचे वार लक्षात ठेवणारं माणूस आजकाल मिळतं का सांगा. खुद्द हर्षद विसरतो.

सोनूबाईकडेही कुत्री होती, भिंगरी. इमारतीचं बांधकाम चालू असताना वाळूच्या ढिगात सापडलेलं पिल्लू. तांबूस, उंच कानांची, रस्त्यावरची जात, पण गळ्यात पट्टा, दरवर्षी लस, अंगणात कधी घाण केलेली नाही. सोनूबाईचं मागचं दार तगरीपाशी उघडायचं आणि भिंगरीची झोपायची जागा त्या तगरीखालीच.

आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सुगंधाने नाही ओळखलं.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. इमारतीचे सेक्रेटरी दशरथ राणे, निवृत्त माणूस, माईक दिसला की अंगात येणारा, त्यांनी जाहीर केलं की रविवारी सकाळी आवारातल्या सगळ्या कुत्र्यांची रक्ततपासणी होणार. डॉक्टर ऋतिका म्हणून जवळच दवाखाना असलेली तरुण मुलगी येणार होती.

"माझा खोबरू ठणठणीत आहे, त्याला कशाला टोचायचं?" सुगंधाने जिन्यातच तिला अडवून विचारलं होतं.

"काकू, ठणठणीत आहे म्हणूनच तर तपासायचं," ऋतिका म्हणाली. "गोचीड चावली की तापाचे जंतू रक्तात जातात आणि महिनोन् महिने गप्प बसतात. कुत्रा खातो, खेळतो, काही कळत नाही. आणि एक दिवस एकदम नाकातून रक्त. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून दरवर्षी एकदा बघायचं."

सुगंधाला ते पटलं की नाही कोण जाणे, पण कुणीतरी बघायला येणार म्हटल्यावर तिच्या अंगात पाहुणे यायच्या आदल्या दिवसाची घाई शिरली. शनिवारी दुपारी तिने खोबरूला धरला. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. चार लोकांत एक गोचीड दिसली तर नाक कापलं जाईल! काढून काढून पुडी चांगली जाड झाली. शनिवार होता. पुडी खाली गेली. मग खोबरूला आंघोळ, टाल्कम पावडर, गळ्यात हर्षदने पाठवलेला लाल पट्टा.

रविवारी आवारात टेबल मांडलं होतं. रक्ताचा थेंब एका छोट्या पट्टीवर टाकायचा, औषधाचे थेंब घालायचे आणि वाट बघायची. निळा ठिपका उमटला तर जंतू कधीतरी अंगात गेला असं समजायचं. खोबरूच्या पट्टीवर काही उमटलं नाही. सुगंधाने असा काही चेहरा केला की जणू पोरगं बोर्डात आलंय. "झकास! काकू, रोज हाताने काढता ना, लगेच काढली की जंतू सोडायला वेळच मिळत नाही तिला," ऋतिका म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबेनने मोबाईलवर खोबरूचा फोटो काढला.

मग भिंगरी. शहाण्यासारखी पाय पुढे करून उभी राहिली. आणि तिच्या पट्टीवर निळा ठिपका आला.

सोनूबाईने भिंगरीला जवळ ओढलं. ऋतिकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, घाबरू नका. ठिपका म्हणजे ती आजारी आहे असं नाही. प्लेटलेट्स बघू, गरज लागली तर गोळ्यांचा कोर्स देऊ, अगदी वेळेवर सापडलंय. आणि हा रोग कुत्र्याकडून कुत्र्याला नाही लागत, गोचिडीकडून लागतो. ही झोपते कुठे?"

सगळे मागच्या बाजूला गेले. ऋतिकाने मोबाईलचा टॉर्च लावून तगरीमागच्या भिंतीच्या भेगा पाहिल्या आणि चटकन मागे सरली. भेगांमधून बारीक बारीक गोचिड्या वर चढत होत्या. "बापरे," ती म्हणाली. "एक फुगलेली मादी खाली पडली की हजारो अंडी घालते. इथे सारख्या पडत असणार. कुठून येतायत या?"

सुगंधाने वर पाहिलं. तिच्या बाल्कनीचा कठडा. त्यावर वाळत घातलेला तिचा गाऊन. एक हाक, एक वाक्य, बस्स. अगं बाई, मीच टाकते गं त्या. एवढंच म्हणायचं होतं. ती त्या गाऊनकडेच बघत राहिली.

"कुठून म्हणजे?" कमिटीतला राजेश म्हणाला. "समोर तर आहे. रस्त्यावरचं कुत्रं ते, कुठे कुठे लोळून येतं."

"कुत्र्याचं काय घेऊन बसलायत," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "त्यांच्याकडे पहिल्यापासून तसंच. राहणी असते ना एकेकाची."

'त्यांच्याकडे' म्हणजे काय, हे त्या आवारात कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. वर्गणी गोळा करताना, एप्रिलमध्ये निळे झेंडे लागले की, पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं की, तो शब्द असाच कडेकडेने फिरायचा. सुगंधाने तो आयुष्यभर ऐकला होता आणि आपण काही तसं बोलत नाही म्हणून स्वतःला चांगली समजत आली होती. सोनूबाईचं घर आरशासारखं लख्ख असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या घरात जमिनीवर बसून ती जेवली होती.

"परब काकू, तुम्ही सगळ्यांत जुन्या," दशरथ राणे म्हणाले. "तुमचा कुत्रा बघा, एकदम क्लीन. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सोनूबाईनेही पाहिलं. सरळ, पापणी न हलवता.

"भिंगरी... तिथेच झोपते ना," सुगंधा म्हणाली. "मग तिथे होणारच."

झालं. पुढच्या रविवारपर्यंत भिंगरीला इमारतीबाहेर कुठेतरी हलवायचं असं ठरलं. ऋतिका परोपरीने सांगत होती की कुत्री हलवून काही होत नाही, भेगा बुजवा, औषध मारा, पण तिला पुढच्या सोसायटीत जायचं होतं आणि तिचं ऐकायला तिथे थांबलं होतं कोण. सोनूबाई भिंगरीच्या गळ्यात दोरी अडकवून घरात गेली आणि मागचं दार लावून घेतलं.

सुगंधाचा तो दिवस कसा गेला हे विचारू नका. दुपारी सुरमईचा तुकडा ताटात तसाच राहिला. मनाशी वकिली चालू. मी मुद्दाम थोडंच केलं? देवाधर्माचंच तर केलं. आणि गवतात काय गोचिड्या कमी आहेत? शिवाय पोरगी म्हणालीच, वेळेवर सापडलंय. अशी सगळी कलमं लावून झाली की पुन्हा ते वाक्य कानात यायचं, स्वतःच्याच आवाजातलं. मग तिथे होणारच. तिची तिलाच किळस आली. गोचिड्यांचं एक वेळ अजाणतेपणी झालं म्हणू. ते वाक्य तर शुद्धीत बोललं होतं, सगळ्यांच्या देखत, आपलं नाक वाचावं म्हणून.

संध्याकाळी हर्षदचा फोन आला. खोबरूचा निकाल ऐकून तो खूश झाला आणि नेहमीसारखं विचारलं, "सोनूमावशी काय म्हणते?"

"बरी आहे," सुगंधा म्हणाली आणि कुकर लावायचाय सांगून फोन ठेवला. कुकर काही लावायचा नव्हता.

सोमवारी तिने एकही गोचीड काढली नाही. खोबरू बाल्कनीत डोकं टेकवून वाट बघत बसला, तिने त्याला आत ओढलं. मंगळवारी मात्र राहवेना. घावणे केले, डब्यात भरले, आणि खाली गेली.

सोनूबाई ओट्यापाशी भाजी निवडत होती. भिंगरी पायाशी. सुगंधाला पाहून तिने शेपटी हलवली, मेली, तिला काय ठाऊक.

"सोनू," सुगंधा दारातच म्हणाली, "त्या गोचिड्या माझ्या. खोबरूच्या. वाराला मारत नाही म्हणून मी वरून टाकायची. माझ्यामुळे झालं गं हे सगळं." आणि ती रडायला लागली.

सोनूबाईने भाजीवरची नजर काढली नाही. "माहीत आहे."

"काय?"

"पहिली पुडी मिळाली तेव्हा वाटलं, देवाचा अंगारा पडला वरून. उघडली तर वळवळ. मग दर सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बघायला लागले. हाताला लागल्या त्या जाळल्या. सगळ्या थोड्याच लागतात? कागदातून सुटून जातात."

"अगं मग मला बोलली का नाहीस? दोन शिव्या घालायच्यास!"

"येणार होते. मग म्हटलं, तिचा वार आहे, राहू दे. काही झालं तरी तुझं मन मोडायला नको." सोनूबाईने निवडलेली मेथी बाजूला सारली. "तेव्हाच बोलायला हवं होतं. तिथे चुकलं माझं. भिंगरीने भोगलं."

"आणि रविवारी? सगळ्यांसमोर तरी सांगायचंस ना, ही बाई टाकते म्हणून!"

"मी?" सोनूबाईने पहिल्यांदा वर बघितलं. "मी सांगितलं असतं आणि त्यांनी मानलं असतं? खरं बोल सुगंधा. खरातबाई आपली घाण परबांच्या अंगावर ढकलतेय, हेच म्हणाले असते. ते तूच बोलू शकत होतीस. मी बघत होते तुझ्याकडे. वाटलं, आता बोलेल, आता बोलेल."

"मला माफ कर," सुगंधा पुटपुटली.

"माझ्या ओट्यापाशी काय माफी मागतेस? मला काय, मला खरं ठाऊकच होतं. ज्यांच्यासमोर माझी अब्रू गेली त्यांना सांग. डबा घेऊन जा वर. आज नको."

एवढी वर्षं, डबा परत आला नव्हता कधी.

रविवारी पुन्हा सगळे आवारात जमले. भिंगरीला सोनूबाईची लेक प्रियंका बदलापूरला न्यायला आली होती, रिक्षा फाटकाशी उभी. सुगंधा पुढे गेली. आवाज तिने मोठा काढला, माशांच्या बाजारात काढतात तसा.

"थांबा सगळे! माका बोलायचा आसा. भिंगरीला कुठे न्यायचं नाही. त्या गोचिड्या माझ्या कुत्र्याच्या. मी पुड्या बांधून वरून टाकत होते. सोनूबाईचा काडीचा दोष नाही. मी त्या दिवशी गप्प बसले, लाज वाटली मला, म्हणून."

सुगंधाने डोळे मिटले. आता काय बोलायचं ते बोला, घाला शिव्या, असं म्हणून ती उभी राहिली. तिला त्या शिव्या हव्याच होत्या.

"याला म्हणतात शेजारी!" दशरथ राण्यांनी ठणकावलं. "ऐकलंत? दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला मोठं मन लागतं."

सुगंधाने डोळे उघडले. "अहो मोठं मन कसलं! मी खरंच टाकायचे. सोमवारी, गुरुवारी..."

"काकू, काकू," राजेश हसत तिच्याजवळ आला. "तुमच्या खोबरूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला ना आमच्या समोर? त्याच्या अंगावर एक तरी गोचीड होती का? मग टाकणार कुठून? राहू द्या ना. जुनी मैत्री आहे, तुमचा जीव तुटतोय, कळतं आम्हाला."

"अरे मी आदल्या दिवशी काढल्या होत्या! पावडर लावली होती!"

"किती सोज्वळ बाई," जयंतीबेन डोळे पुसत म्हणाली. "आजकाल कोण करतं असं कुणासाठी."

सुगंधा ओरडली, देवाची शपथ घेतली, राजेशचा हात धरून त्याला तगरीकडे ओढायला लागली. तो आला नाही. कुणाला यायचंच नव्हतं. त्यांना सापडलेलं कारण त्यांच्या सोयीचं होतं आणि त्याच्यावर शिक्का सुगंधानेच मारून दिला होता. दशरथ राण्यांनी हात वर करून जाहीर केलं की परब काकूंच्या शब्दाखातर भिंगरीला राहू द्यायचं, भिंतीला औषध मारून घ्यायचं, मात्र खरातबाईंनी यापुढे स्वच्छता ठेवायची. टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या हो.

प्रियंका रिक्षात बसून रडत होती की हसत होती, कळलं नाही. सोनूबाईने भिंगरीची दोरी सोडली. ती सुगंधासमोर आली. तिने सगळं ऐकलं होतं, सुगंधा किती ओरडली तेही. रागावलेली दिसत नव्हती, फक्त फार दमलेली.

"तू बोललीस," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्या दिवशी बोलली असतीस तर मानलं असतं गं त्यांनी."

मग ती लोकांकडे वळली, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "परबबाईंचे उपकार झाले. स्वच्छता ठेवू आम्ही."